नोंद घेतली, पुढे चला

१

"अध्यक्षसाहेबांना आज सकाळी त्यांच्या घरातून पळवून नेण्यात आलं आहे," सचिव विजयसिंह सरनोबत माईकवरून म्हणाले, आणि दसरा चौकाजवळचं ते खचाखच भरलेलं सभागृह एकदम गप्प झालं. पंखे तेवढे फिरत राहिले.

मग जो गलका उठला, त्यात मागच्या दाराशी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या इन्स्पेक्टर शांभवी मगदूम यांना स्वतःचा आवाजही ऐकू येईना.

लोक आले होते ते खोरे जल प्राधिकरणाचा आदेश ऐकायला. पंचगंगेचं पाणी कुणी किती उचलायचं आणि नदीत कुणी काय सोडायचं, हे ठरवणारं हे मंडळ. मंत्र्याने फोन करून निर्णय फिरवू नये म्हणून कायद्यानेच त्याला सरकारपासून लांब ठेवलेलं. अध्यक्ष, एक सदस्य आणि एक सचिव. त्यांना कुणी हलवू शकत नव्हतं, आणि जाब विचारायचा तर हायकोर्टाशिवाय दार नव्हतं. गेल्या वर्षभरात या मंडळाने रंगाचं पाणी सोडणाऱ्या कापड प्रोसेसना, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना, असा काही चाप लावला होता, की खालच्या गावांत लोक अध्यक्ष डॉ. शंकरप्पा हुक्केरींचं नाव देवासारखं घेत. आज इचलकरंजीच्या तीन प्रोसेस कायमच्या बंद होणार होत्या. त्यातली सगळ्यात मोठी अमरसिंह भोईटेची.

"ह्यानंच केलंय! धरा त्याला!"

पहिली खुर्ची अमरसिंहाच्या खांद्यावर बसली. दुसरी बसायच्या आत शांभवीने त्याला दंडाला धरून बाजूच्या खोलीत ओढलं आणि दाराला पाठ लावली. आठवड्यापूर्वी याच माणसाने पत्रकारांसमोर गर्जना केली होती, 'ह्या अध्यक्षाला मी घरातनं ओढून आणीन.'

"बोला. कुठं आहेत साहेब?"

अमरसिंह खांदा चोळत खाली बसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाई, त्या माणसानं समोर येऊन आदेश वाचावा म्हणून मी हायकोर्टापातूर गेलतो. कोर्टानं तसं सांगितलं, तवा कुठं आजचा दिवस उगवला. ज्याला बगायला एवढी धडपड केली, त्यालाच मी पळवीन व्हय?"

२

हुक्केरींचा फ्लॅट राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर. खाली क्लासेसच्या पाट्या आणि मुलांच्या सायकली. दार त्यांच्या पत्नी निर्मलाबाईंनीच उघडलं. साठी ओलांडलेल्या, कपाळावर विभूती, डोळे रडून सुजलेले.

"दोघं होते. तोंडं बांधलेली," त्या म्हणाल्या. "मला आतल्या खोलीत कोंडलं. ह्यांना ओढतच नेलं. काही सुचू दिलं नाही हो. ड्रायव्हर न्यायला आला, त्यानं कडी काढली तेव्हा मी बाहेर आले."

"तुमचा फोन त्यांनी काढून घेतला?"

"नाही... माझ्याजवळच होता."

"मग कुणाला फोन केला नाहीत?"

"हातपाय गळाले होते," एवढंच निर्मलाबाई म्हणाल्या.

शांभवीने घर पाहिलं. न्हाणीघराच्या दाराला आतली कडी नव्हती, स्क्रूची भोकं मेण घालून बुजवलेली. मुख्य दाराला मात्र आतून एक जादा कडी होती, पार वर, चौकटीपाशी. निर्मलाबाईंना तिथं पोचायला स्टूल लागत असणार, आणि स्टूल तिथंच होतं. ओट्यावरच्या ताटलीत दुधात कुस्करलेली भाकरी, शेजारी चमचा.

"लहान मूल आहे का घरात?"

"नाही. आम्ही दोघंच."

अभ्यासिकेत मोठी खुर्ची, मागे पुस्तकांची कपाटं, समोर कॅमेरा. सुनावण्या इथूनच व्हायच्या. शांभवीने एक पुस्तक काढलं. वरची धूळ बोटांना लागली. खुर्चीशेजारच्या खिडकीतून समोरची नवी इमारत दिसत होती. पिवळा रंग, गॅलऱ्यांतून वाळत घातलेले कपडे, एका गच्चीवर तुळस.

निघताना तिने सहज विचारलं, "साहेबांना काही औषधं चालू आहेत? वेळेवर मिळाली नाहीत तर पंचाईत व्हायची."

"आहेत ना. डबा बरोबर दिलाय. स्वेटरही..."

वाक्य अर्ध्यातच थांबलं. निर्मलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

तोंडं बांधून आलेल्या माणसांच्या हाती या बाईंनी औषधांचा डबा दिला होता.

३

शांभवीने त्यांना तिथंच उलटं विचारलं नाही. तिच्या स्वतःच्या घरात बोलली जाते तसली कानडी वळणाची मराठी बोलणाऱ्या या बाई. त्या खोटं बोलत होत्या, पण त्यांची भीती खरी होती. ती कशाची, हे आधी कळायला हवं होतं.

विजयसिंह सरनोबतांचं ऑफिस थंडगार होतं. माणूस पन्नाशीचा, कडक इस्त्रीच्या कपड्यांतला, आवाज कधी न चढवणारा. त्यांनी सालासकटच्या भाजलेल्या काजूंची वाटी पुढे सरकवली.

"घ्या. आमच्या मेहुण्यांच्या कारखान्यातले आहेत."

"साहेब ऑफिसात शेवटचे कधी आले होते?"

"ते घरूनच काम बघतात."

"इथल्या कुणी त्यांना प्रत्यक्ष कधी पाहिलं? बाहेर मी सगळ्यांना विचारलं. वर्ष उलटून गेलं म्हणतात."

सरनोबत हसले. "मॅडम, प्राधिकरण स्वायत्त आहे. आत कामकाज कसं चालतं हे मुख्यमंत्रीसुद्धा विचारू शकत नाहीत. तुम्ही पळवून नेणाऱ्यांना शोधा. आम्हाला शोधू नका."

शेजारी मंडळाच्या सदस्य, ॲडव्होकेट राजनंदिनी खर्डेकर बसल्या होत्या. शांभवीने मान त्यांच्याकडे वळवली.

"तुम्ही भेटला असाल?"

"आमचं सगळं ऑनलाइन असतं," राजनंदिनी म्हणाल्या. "साहेबांच्या मताशी मी नेहमी सहमत असते."

"मत ते तुम्हाला कसं सांगतात?"

राजनंदिनींनी सरनोबतांकडे पाहिलं. उत्तर सरनोबतांनीच दिलं. "माझ्यामार्फत."

४

ऑफिसबाहेरच्या कट्ट्यावर धोंडुबाई बसली होती. शिरोळकडच्या नदीकाठच्या गावची. चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. सकाळच्या गोंधळात तिच्या कपाळाला खोक पडली होती, तरी ती घरी गेली नव्हती.

"साहेब सापडलं का वो बाई?"

"शोधतोय. तुमची ओळख आहे त्यांची?"

"वळख म्हंजे... मी बोललीया त्यांच्यासंगं. आमच्या ग्रामपंचायतीत पडदा लावलता. माझी नात काविळीनं गेली, ती कशी गेली, समदं सांगितलं. पाण्याचा रंग, वास, समदं. मी लई येळ बोलले. साहेबांनी मान हलवली. माझ्या जिवाला लई बरं वाटलं बगा, कुणीतरी ऐकलं म्हणून."

"काय म्हणाले साहेब?"

"'नोंद घेतली, पुढे चला.'" तिने मोठ्या भक्तिभावाने ते शब्द उच्चारले. "मग मी इचारलं, साहेब, तुमी जेवला का? वाळल्यागत दिसत हुता."

"मग?"

"'नोंद घेतली, पुढे चला.'" धोंडुबाई ओशाळवाणं हसली. "समदी हसली की. पर मोठ्या माणसांच्या डोक्यात कामं असत्यात."

शांभवी तशीच पोलीस ठाण्यात गेली आणि जुन्या सुनावण्यांचं चित्रण लावून बसली. ते सगळ्यांसाठी खुलं होतं, पण कुणी कधी मागे जाऊन पाहिलं नव्हतं.

पडद्यावर हुक्केरी होते. पांढरे केस, करडा कोट. डोकं किंचित हलायचं आणि तेच चार शब्द यायचे. धोंडुबाईची सुनावणी आली. तिने जेवणाचं विचारलं, साहेबांनी नोंद घेतली, सगळे हसले. एकट्या राजनंदिनी हसल्या नाहीत. त्यांनी झडप घातल्यासारखा धोंडुबाईचा माईक बंद केला.

मग शांभवीची नजर साहेबांच्या खांद्यामागच्या खिडकीवर गेली. समोर उघडे खांब, बांबूंच्या परांच्या, वर चढणारे गवंडी. तिने त्यानंतरची सुनावणी लावली. परांच्या. त्याच्या पुढची, मग गेल्या महिन्यातली. परांच्या तशाच, आणि तोच गवंडी त्याच घमेल्यासकट तिथंच वाकलेला.

सकाळी तिने त्या खिडकीतून पिवळी इमारत पाहिली होती. तिच्या गॅलऱ्यांत कपडे वाळत होते.

वर्षभर एक जुनं चित्रण पडद्यावर फिरत होतं. गावोगावची माणसं त्याच्यापुढे हात जोडून बोलत होती.

५

"अव्वा," शांभवी घरी आईला हाक मारते तशी म्हणाली. आता ती खुर्चीवर बसली नव्हती, स्वयंपाकघरात निर्मलाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली होती. "अप्पांना काय झालंय?"

निर्मलाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"न्हाणीघराची कडी काढलीत, कारण ते आत अडकून बसतात. दाराला कडी वर लावलीत, कारण ते निघून जातात आणि परतीची वाट विसरतात. त्यांना घास कुस्करून द्यावा लागतो. आज कुणी त्यांना ओढून नेलं नाही. तुम्ही त्यांना स्वेटर घातलात, डबा दिलात आणि आत जाऊन बसलात. कडी बाहेरून दुसऱ्याने लावली. कोर्टाने त्यांना सगळ्यांसमोर उभं राहायला सांगितलं होतं, आणि ते उभे राहू शकत नव्हते."

निर्मलाबाईंनी एकदम तिचा हात पकडला.

"मला ओळखत नाहीत गं ते. मला 'आक्का' म्हणतात. थोरली बहीण समजतात." त्या गदगदून रडू लागल्या. "सुरुवातीला विसरायचे नुसतं. मी विजयसिंहांना म्हटलं, राजीनामा लिहून देते. ते म्हणाले, 'काकी, साहेबांचं नाव आयुष्यभराचं आहे, ते असं जाऊ द्यायचं? मी सांभाळतो.' एक दिवस कोट घालून बसवलं, बोलायला लावलं. सगळं माझ्या डोळ्यांदेखत. मला वाटलं, लोकांत ह्यांचं हसं होण्यापेक्षा हे बरं."

"आत्ता कुठं आहेत ते?"

"मला सांगितलं नाही. चांगल्या ठिकाणी आहेत म्हणाले. दुपारी फोनवर आवाज ऐकवला फक्त."

"मागून काही ऐकू आलं?"

त्यांनी डोळे पुसले. "पुष्कळ बायका बोलत होत्या. आणि कसला तरी आवाज सारखा. कट्, कट्, काहीतरी फोडल्यासारखा. हे म्हणाले, 'आक्का, इथं सगळ्यांचे हात काळे आहेत.'"

शांभवी उठून उभी राहिली. सालासकटच्या काजूंची ती वाटी तिला आठवली. काजूचं टरफल फोडणाऱ्या बायकांचे हात त्याच्या तेलाने काळे पडतात.

"आजरा," ती म्हणाली. "काजूचे कारखाने सगळे तिकडंच."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी आजऱ्यात, सरनोबतांच्या मेहुण्यांच्या काजू कारखान्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, ते सापडले. बायकांच्या रांगेत पाटावर बसले होते, मांडीवर काजूगरांचं सूप. अंगातला स्वेटर एका बटणाने चुकवून लावलेला.

"पावणं कोण म्हणायचं हे?" शांभवीने एका बाईला विचारलं.

"मालकांचं चुलतं हायती म्हणं. लई गुणाचं म्हातारं. काय बी बोलत न्हाईत, निसतं गर निवडत्यात."

शांभवी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. कॉलेजात असताना तिने या माणसाचं भाषण ऐकलं होतं. नदी म्हणजे काय, हे त्यांनी तासभर हातात एकही कागद न घेता सांगितलं होतं, आणि ती त्यानंतर आठवडाभर घरात दुसरं काही बोलली नव्हती.

"अप्पा, मी शांभवी. उद्या-परवा नदीचा आदेश वाचायचा आहे. तुम्हीच काढलाय ना?"

त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. मग एक अख्खा गर उचलून तिच्या तळहातावर ठेवला.

"तुटका नाही," ते म्हणाले. "बघ."

वर्षभर शांभवीच्या आईच्या गावचं पाणी ज्या माणसाच्या सहीने स्वच्छ झालं होतं, तो माणूस त्या सहीच्या वेळी कुठेच नव्हता.

७

सरनोबतांनी काहीच नाकारलं नाही. ऑफिसच्या दाराशी शिपाई उभे होते, राजनंदिनी कोपऱ्यात बसल्या होत्या, आणि हा माणूस खिडकीपाशी ताठ उभा होता.

"होय. सगळे आदेश मी लिहिले. एक चुकीचा दाखवा. एका प्रोसेसवाल्याचा चहा प्यायलो असेन तर सांगा. नदी बघून या, मॅडम. वास गेलाय. मासे परत आलेत."

"मग चोरून कशासाठी?"

"साहेबांचं कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचा माणूस त्या खुर्चीवर बसला असता. ह्या मंडळाची स्वायत्तता मी वाचवली."

"कुणापासून?"

"सगळ्यांपासून!" पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मंत्र्यांपासून, प्रोसेसवाल्यांपासून..."

"आणि धोंडुबाईपासून," शांभवी म्हणाली. "तिच्याकडे सत्ता नव्हती, पैसाही नव्हता. तिला फक्त कुणीतरी ऐकायला हवं होतं. तिची नात गेली, ती सांगत होती, तेव्हा तुम्ही तिच्यासमोर काय लावून ठेवलं होतंत?"

सरनोबतांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?" शांभवीने राजनंदिनींना विचारलं. "माईक बंद करायची घाई झाली होती तुम्हाला."

"पहिल्या महिन्यापासून," राजनंदिनी पुटपुटल्या. "विचारलं तर संस्था दुबळी होईल असं वाटलं. मग विचारायची वेळच निघून गेली."

"हे उघड केलंत तर सगळे आदेश रद्द होतील," सरनोबत हळूच म्हणाले. "अमरसिंह उद्या सकाळी व्हॉल्व्ह उघडेल. तुमचं गाव खालीच आहे ना? दोन दिवस थांबा. साहेब सापडले, पण आजारी आहेत, एवढंच सांगा. आदेश मी वाचतो. मग मला कुठं न्यायचं तिथं न्या."

खाली रस्त्यावर केएमटीची बस हॉर्न वाजवत होती. त्याच पाण्याच्या काविळीने अंथरुणाला खिळलेला भाऊ शांभवीला आठवत होता, त्याच्या डोळ्यांचा पिवळा रंगही.

"राजनंदिनीबाई," ती शेवटी म्हणाली, "साहेब सापडल्याचं ऐकून सभागृह पुन्हा भरलं आहे. चला. सांगायचं तुम्हीच आहे."

आणि राजनंदिनींनी सांगितलं. काहीच लपवलं नाही. आदल्या दिवशी खुर्च्या फेकणारी माणसं दगडासारखी बसून राहिली. अमरसिंहसुद्धा हसला नाही. बाजू त्याचीच खरी ठरली होती, तरी तो आपल्या हातांकडे बघत राहिला.

धोंडुबाई उभी राहिली. "मग त्या दिशी," ती म्हणाली, "मी सांगितलं, ते कुणाला सांगितलं?"

राजनंदिनी तोंडावर हात घेऊन खाली बसल्या.

८

सगळे आदेश कोर्टात गळून पडले. अमरसिंहाने प्रोसेस सुरू केली. कायदा त्याच्या बाजूने होता, आणि अडवायला मंडळच उरलं नव्हतं. सरनोबत कोठडीत गेले. हुक्केरींना निर्मलाबाईंनी गडहिंग्लजला माहेरी नेलं, तिथल्या दारांच्या कड्या उघड्याच असतात.

आठ दिवसांनी शांभवीला आईचा फोन आला. "पाण्याला परत वास यायला लागलाय गं."

"येणारच अव्वा."

"लोक तुला शिव्या देतायत."

"देऊ देत," शांभवी म्हणाली. फोन ठेवल्यावर मात्र तिला जेवण गेलं नाही.

पावसाळा सरल्यावर नव्या अध्यक्षा आल्या. अनुजा इनामदार, पुण्याच्या. येण्याआधी विधानसभेच्या समितीने त्यांना दिवसभर समोर बसवून प्रश्न विचारले होते, आणि दर सहा महिन्यांनी तसं पुन्हा बसायचं, असा नवा नियम झाला होता. त्या मंत्र्यांच्या आहेत, असंही काही लोक म्हणत. कुणालाच खात्री नव्हती. शांभवीलाही नव्हती.

पहिली सुनावणी धोंडुबाईच्या गावात शाळेच्या पटांगणात झाली. शांभवी बंदोबस्ताला होती. अमरसिंह वकील घेऊन पहिल्या रांगेत बसला होता. धोंडुबाई यायलाच तयार नव्हती, सुनेने हाताला धरून आणली. ती उभी राहिली आणि खाली बघतच, पाठ केल्यासारखी बोलू लागली. नात, विहीर, पाण्याचा रंग.

"थांबा आजी," अनुजाबाई मधेच म्हणाल्या. "विहीर म्हणता, ती नदीच्या अलीकडे का पलीकडे?"

धोंडुबाई दचकली. तिने मान वर केली आणि टेबलामागच्या बाईकडे बघत राहिली.

"अलीकडं," ती म्हणाली. "वढ्याजवळ."

"आणि पाणी कोण आणायचं? नात?"

सुनेने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो धोंडुबाईने हाताने बाजूला सारला.

"व्हय," ती म्हणाली. "तीच आणायची. तुमी इचारा बाई. अजून इचारा."